प्रयोग आखावा कसा, पुरा करावा कसा

आपल्या घरातील नववी-दहावीच्या मुलाची विज्ञानाची प्रयोगवही आपण कधी उघडून पाहिली आहे काय? एकदा जरूर पाहावी. अक्षर सुबक असते. डाव्या पानावर पेन्सिलीची आकृती, उजव्या पानावर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान, खाली शिक्षकांची सही. आता त्याच वर्गातील दुसऱ्या मुलाची वही शेजारी ठेवावी. निरीक्षण तेच, अनुमान तेच, शब्दही तेच. एकाने जिथे काना खाल्ला असेल तिथे दुसऱ्यानेही बहुधा खाल्लेला असतो. एका वहीत बी रुजायला चार दिवस लागले की वर्गातल्या सगळ्या वह्यांत चारच दिवस लागतात. सगळ्या घरांतली माती एक, पाणी एक, हवा एक, असे कधी झाले आहे काय?

आम्ही पेशाने बँकेतील कारकून आणि शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. विज्ञानाशी आमचा संबंध दहावीनंतर सुटला. केळशीच्या आमच्या वाडीतील विहारात संध्याकाळी जो अभ्यासवर्ग चालतो, तिथे गणित आणि इंग्रजी शिकवायला माणसे मिळाली, विज्ञानाला कोणी मिळेना, म्हणून ते आमच्याकडे आले. तेव्हा आमच्या लेखाकडे जाणकाराचे लेखन म्हणून कोणी पाहू नये. मुलांबरोबर बसून, चुकत चुकत जे शिकलो ते येथे मांडत आहोत. दहावीला विज्ञानाचे शंभर गुण, त्यातले ८० लेखी परीक्षेचे आणि २० प्रात्यक्षिकाचे. हे २० गुण बहुतेकांना मिळूनच जातात, म्हणून त्यांची चिंता कोणी करीत नाही. आमची चिंता गुणांची नाही. न पाहिलेली गोष्ट ‘पाहिली’ म्हणून लिहिण्याची आणि त्यावर सही मिळवण्याची सवय मुलाला वयाच्या चौदाव्या वर्षी लागते, ही आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. कांद्याच्या पाकळीचा आतला पातळ पापुद्रा काढून, त्यावर आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणे, हे निरीक्षण झाले. ते एका तासिकेत होते आणि अवश्य करावे. पण प्रयोग म्हणजे निसर्गाला विचारलेला एक प्रश्न. तो विचारायचा तर आधी आखणी लागते, उत्तर येईपर्यंत थांबावे लागते आणि आलेले उत्तर आहे तसे लिहावे लागते. मुलांच्या हातून यांतले पहिले आणि शेवटचे सुटते, मधले शिक्षकांच्या वेळापत्रकात बसत नाही.

आमच्या वर्गातील प्रश्न कसा निघाला ते सांगतो. केळशीला भारजा नदीची खाडी आहे. खाडीकाठच्या जमिनीत खारे पाणी शिरते हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. एका मुलाने विचारले, “काका, खाऱ्या पाण्यात भात रुजतो का?” प्रश्न उत्तम, पण या रूपात त्यावर प्रयोग करता येत नाही. आम्ही फळ्यावर तो लिहिला आणि मुलांनाच विचारले, की यातला कुठला शब्द ढिला आहे? पहिल्यांदा ‘खारे’ हा शब्द सापडला. मे महिन्यातले खाडीचे पाणी आणि नदीला पूर आल्यावर जुलैत येणारे खाडीचे पाणी, दोन्ही चाखून पाहिली तर चव निराळी. तेव्हा ‘किती खारे?’ हे ठरवायला हवे. मग ‘रुजतो’ हा शब्द. दाणा फुगला म्हणजे रुजला काय? पांढरे टोक दिसले म्हणजे रुजला? की हिरवे पान आल्यावर रुजला? बऱ्याच वादानंतर ठरले, की दाण्यातून बाहेर आलेले मूळ तांदळाच्या दाण्याच्या रुंदीएवढे दिसले तर ‘रुजले’ म्हणायचे, नाहीतर नाही. हा वाद अर्धा तास चालला. त्या अर्ध्या तासात जेवढे जीवशास्त्र झाले, तेवढे आम्ही नंतर महिनाभरात केले नसेल.

शेवटी प्रश्न असा झाला : कमीजास्त मिठाच्या पाच पाण्यांत भाताचे प्रत्येकी वीस दाणे ठेवले, तर पाच दिवसांत प्रत्येकातले किती रुजतात?

आता मीठ मोजायचे कसे? समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत मोठा वाटा आपल्या जेवणातल्या मिठाचाच असतो. म्हणून वाण्याच्या काट्यावर ३५ ग्रॅम मीठ एकदाच तोलून आणले आणि एक लिटर पाणी केले. याला नाव दिले ‘पूर्ण’. त्यातले अर्धे पाणी घेऊन तेवढेच साधे पाणी मिसळले की ‘अर्धे’ (१७.५ ग्रॅम). त्याचे तसेच केले की ‘पाव’ (८.७५ ग्रॅम). आणखी एकदा केले की ‘अर्धपाव’ (साधारण ४.४ ग्रॅम). पाचवे ‘साधे’. काटा एकदाच लागला, पुढचे काम एका पेल्याने झाले. पूर्ण, अर्धे, पाव, अर्धपाव ही मापे घरातल्या आजीला कळतात, त्यामुळे प्रयोग घरी सांगायलाही सोपा.

बाकी साहित्य म्हणजे पाच बशा, जुन्या धोतराचे तुकडे आणि भात. इथे ‘भात कुठला’ हेही ठरवावे लागते. काही जातींच्या नव्या भाताला कापणीनंतर काही आठवडे झोप असते, तो ओला करूनही लवकर रुजत नाही. दिवाळीच्या सुमारास नवा भात घेऊन बसलात तर ‘साधे’ पाणीही नापास होईल आणि मुलांना वाटेल आपलेच काही चुकले. म्हणून मागल्या वर्षीचे राखलेले बियाणे घ्यावे, आणि पाचही बशांना एकाच मडक्यातले घ्यावे.

पाचही बशांत एकच गोष्ट वेगळी ठेवायची, ती म्हणजे मीठ. दाणे तेवढेच, पाणी तेवढेच, कापड तेच, जागा तीच. आणि ‘साधे’ पाणी हवेच, कारण तुलनेला काही नसले तर मिठाने काय केले हे कशावरून ठरवणार? ही गोष्ट वाटते सोपी, पण माणसाला ती सुचायला फार काळ लागला. मांस सडले की त्यातून आपोआप किडे उपजतात, अशी शेकडो वर्षांची समजूत होती. इटलीतल्या फ्रान्सेस्को रेडी यांनी १६६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही भांड्यांत मांस आणि मासे उघडे ठेवले, काहींत झाकून. उघड्यांत अळ्या झाल्या, झाकलेल्यांत नाही. कोणी म्हणेल, झाकल्याने हवा कोंडली म्हणून किडे झाले नाहीत. त्यावर रेडी यांनी हवा जाईल पण माशी जाणार नाही असे तलम कापड बांधले. अळ्या आत झाल्या नाहीत. मासळी वाळत घालणाऱ्या गावाला माशीचे हे काम नवे नाही. पण ‘माहीत असणे’ आणि ‘दोन भांडी शेजारी ठेवून दाखवणे’ यांत फरक आहे. हा प्रयोग आमच्या मुलांनी बांगड्याच्या तुकड्यावर करू म्हटले होते. विहाराच्या शेजारच्या बाईंनी वासावरून जे ऐकवले, त्यानंतर तो दुसऱ्या दिवशीच आटोपला. जागेची निवड हाही आखणीचा भाग आहे, एवढे त्यातून शिकलो.

दिवस कसे बांधावेत हेही सांगितले पाहिजे. अर्धवट राहिलेल्या प्रयोगांचे सर्वांत मोठे कारण म्हणजे सुट्टी. बशा सोमवारी भिजत घालाव्यात म्हणजे शनिवारी मोजणी पुरी होते. गुरुवारी घातल्या तर रविवार मध्ये येतो, दार बंद, पाणी घालायला कोणी नाही. कोकणात गणपतीच्या आधीच्या आठवड्यात काही सुरू करू नये. मुंबईकर आले की मुले कुणाच्याच हाती लागत नाहीत.

ऋतूचेही तसेच. पानात पिष्ट तयार व्हायला प्रकाश लागतो, हे दाखवण्याचा प्रयोग पुस्तकात आहे. जास्वंदीची कुंडी दोन-तीन दिवस अंधारात ठेवायची, मग पानाच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावून दिवसभर उन्हात ठेवायची. मग पान उकळत्या पाण्यात बुडवून, स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग काढून आयोडीन टाकायचे. प्रकाश मिळालेला भाग निळाकाळा होतो, पट्टीखालचा होत नाही. आम्ही हा प्रयोग जुलैत केला. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात जुलैत ऊन कुठून आणणार? पान सगळीकडे सारखेच मळकट तपकिरी झाले. तोच प्रयोग डिसेंबरात केला तेव्हा पट्टीची कड स्पष्ट उमटली. पुस्तक मुंबई-पुण्यात बसून लिहिले जाते, पण प्रयोगाचे पंचांग गावाने आपले आपण करावे. एक सूचना मात्र काटेकोर पाळावी. स्पिरिट कधीही आगीवर ठेवू नये. आधी पाणी उकळून घ्यावे, शेगडी विझवावी, दूर सारावी, आणि मग त्या गरम पाण्यात स्पिरिटची नळी उभी करावी. मोठे माणूस जवळ असल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

आता भाताकडे परत येऊ, कारण खरी गोष्ट पुढेच घडली.

पाच गट होते. शनिवारी मोजणी झाली, रविवारी वह्या आमच्याकडे आल्या. नववीतल्या एका मुलीच्या वहीत ‘साधे’ या ओळीपुढे १९ हा आकडा होता. त्याखाली अर्धपाव १६, पाव १३, अर्धे ३, पूर्ण ०. अगदी पुस्तकात शोभेल असा उतार. पण आमचा डोळा कारकुनाचा. १९ च्या खालचा कागद जरा खरवडलेला दिसला. दिव्यासमोर धरून पाहिला तर रबराने खोडलेला ७ होता.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत खतावण्या अजून हाताने लिहिल्या जात. पहिल्याच दिवशी जुन्या हेडक्लार्कनी सांगितलेली गोष्ट म्हणजे, खतावणीत रबर आणि ब्लेड चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एक सरळ रेघ मारायची, चुकलेला आकडा खाली वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि त्यावर सही. चूक करणे हा गुन्हा नाही, चूक नाहीशी करणे हा गुन्हा आहे. पुढे एकदा संध्याकाळी रोकड मोजताना आमच्या हातून पाचशे रुपये कमी आले. तेव्हा ते स्वतःच्या खिशातून गुपचूप घालावेत असा मोह झाला होता. घातले असते तर त्या दिवसाचा हिशेब जुळला असता आणि पैसे कुठे गेले ते कोणालाच कधी कळले नसते. कमी आले ते कमी म्हणून लिहिले. दुसऱ्या दिवशी व्हाउचरे पुन्हा लावताना चूक सापडली, एका खातेदाराला ते जास्त दिले गेले होते.

हे सगळे त्या मुलीला एकदम सांगितले नाही. इतकेच विचारले, “बाय, हा सात का खोडलास?”

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “काका, साध्या पाण्यात जास्त रुजतात असं पुस्तकात आहे. माझे कमीच आले. म्हणजे माझंच चुकलं ना?”

“चुकलं असेल. पण काय चुकलं?”

“ते नाही माहीत.”

“मग सात खोडल्यावर ते कळेल कसं?”

तिला घेऊन बशांकडे गेलो. बशा पाच होत्या, झाकणे चार. मिठाच्या पाण्याच्या चारही बशांवर झाकणे, साध्या पाण्याची उघडी. तिने स्वतःच सांगितले, “साध्या पाण्याला काय होणाराय, म्हणून ठेवली उघडी.” कापड हाताला कोरडे लागत होते. वारा लागून पाणी उडून गेले आणि दाणे अर्धवट भिजून राहिले. पाचही बशांत फरक फक्त मिठाचा ठेवायचा असे आमचे ठरले होते. तिच्या बशांत दोन गोष्टी बदलल्या, मीठ आणि झाकण. तो ७ हा आकडा अगदी खरा होता. तो मिठाबद्दल नव्हे, झाकणाबद्दल बोलत होता.

याच बोलण्यातून आणखी एक गोष्ट निघाली, जी आम्हाला आधी सुचली नव्हती. उघड्या बशीतून पाणी जाते, मीठ जात नाही. म्हणजे मिठाच्या बशा उघड्या राहिल्या असत्या तर त्यांतले पाणी रोज अधिकाधिक खारे झाले असते आणि पाव बशी हळूहळू अर्धी झाली असती. तेव्हा कमी झालेले पाणी भरताना साधे पाणी भरायचे, मिठाचे नाही, आणि बशीच्या कडेला पहिल्या दिवशी खूण करून तिथपर्यंतच भरायचे. ही सूचना आता आमच्या वर्गाच्या फळ्यावर कायमची आहे.

त्या वहीत आता १९ वर एक सरळ रेघ आहे, शेजारी ७, आणि तिची सही. खाली एक ओळ : ‘झाकण नव्हते. पुन्हा करायचे.’

प्रयोगाची पूर्तता म्हणतात ती हीच, असे आम्हाला वाटते. पुस्तकाशी जुळणारा आकडा आला म्हणजे प्रयोग पुरा होत नाही. आलेला आकडा, तो कसा आला, आणि पुढे काय करायचे, हे तिन्ही लिहिले म्हणजे पुरा होतो. मेंडेल यांचे नाव दहावीच्या मुलांना ठाऊक असते. या धर्मगुरूंनी १८५६ पासून सात-आठ वर्षे मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग केले. पुस्तकात ‘तीनास एक’ असे प्रमाण दिलेले असते. पण १८६६ सालच्या त्यांच्या निबंधात गोल दाणे ५४७४ आणि सुरकुतलेले १८५० असे मोजलेले आकडे आहेत. भागाकार केला तर ते बरोबर तीन येत नाहीत, २.९६ येतात. इथे एक गंमतही सांगण्यासारखी आहे. १९३६ साली रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञांनी मेंडेलचे सगळे आकडे एकत्र तपासले आणि ते अपेक्षित प्रमाणाच्या जरा जास्तच जवळ आहेत असे दाखवले. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. आम्हा बँकवाल्यांना याचे नवल नाही. हिशेब वर्षभर पैशाचाही फरक न येता जुळत गेला तर तपासनीस आधी तीच वही मागवतो.

नक्कल करण्याचा दोष सगळा मुलांवर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. ज्या पुस्तकात प्रश्नाखालीच उत्तर छापलेले असते, त्या पुस्तकावरून मूल वेगळे काय लिहिणार? मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत एक उपक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो हाती घेतला. सहावी ते आठवीची मुले गटागटाने स्वतः प्रयोग करीत. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकात प्रश्न आणि कृती असत, उत्तरे नसत. उत्तर मुलाने आपल्या वहीत लिहायचे. परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ ठेवायची मुभा असे. पुढे तो शेकडो शाळांत पसरला. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्ट सरकारी शाळांत अशक्य होती असे तर कोणी म्हणू शकणार नाही.

आपल्याकडेही काम झाले आहे. १९७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात गावातल्या साधनांतून विज्ञान शिकवण्याचा प्रकल्प केला. केंद्राचे संचालक प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास एक गोष्ट लक्षात आणून दिली, जी आपल्या समाजाने विशेष ध्यानात घ्यावी. मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांबरोबरही केंद्राने काम केले. मुले विज्ञानात मागे पडतात त्यात बुद्धीचा नव्हे, पुस्तकाच्या बोजड भाषेचा मोठा वाटा असतो, असे या मंडळींना दिसले. तोच मजकूर सोप्या मराठीत लिहून दिला की मुलांची प्रगती सुधारते, हे त्यांनी दाखवले.

आमच्या वर्गात याचा पडताळा रोज येतो. ‘उपरोक्त निरीक्षणावरून असे सिद्ध होते की लवणतेच्या वाढीबरोबर अंकुरणाचे प्रमाण घटते’ हे वाक्य ज्या मुलाने लिहिले, त्याला ‘लवणता’ म्हणजे काय विचारले तर त्याने वर पाहिले. ‘मीठ जास्त तसे दाणे कमी रुजले’ हे त्याच मुलाचे तोंडी वाक्य. आम्ही सांगितले, वहीत हेच लिही. परीक्षेसाठी अंकुरण हा शब्द शिकावाच लागेल, तो शिकवूही, पण आधी गोष्ट आणि मागून तिचे पुस्तकी नाव. शिक्षकांनी बोली वाक्याला गुण कापू नयेत, ही आमची नम्र विनंती.

भाताच्या प्रयोगाचे निष्कर्ष काढताना घाई करू नये, हेही नोंदवतो. अर्धपाव आणि पाव पाण्यात पुष्कळ दाणे रुजले, म्हणून ‘थोडे खारे पाणी भाताला चालते’ असे एका गटाने लिहिले. त्यांना बशा आणखी आठवडाभर ठेवायला सांगितल्या. साध्या पाण्यातली रोपे हिरवी आणि सरळ वाढली, पाव पाण्यातली मुळे आखूड राहिली, पानांची टोके करपली. भात हे पीक रुजताना खारटपणा बऱ्यापैकी सोसते, कोवळ्या रोपाच्या वयात ते जास्त नाजूक असते. म्हणून खार जमिनीत पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत शेतकरी थांबतो, आणि रहू पद्धतीत बी आधी मोड आणून मग फेकतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ अशा जाती याच कारणासाठी काढल्या आहेत. त्यांचे बी मिळवून पुढल्या जूनमध्ये गावातल्या भाताशेजारी ठेवून पाहायचे, असे वर्गाने ठरवले आहे.

खाडीत उभी असलेली कांदळे मग खाऱ्या पाण्यात कशी जगतात, हा पुढचा प्रश्न मुलांनीच काढला. त्यावर आमच्याकडे प्रयोग नाही, निरीक्षणे आहेत. तिवराच्या पानाच्या पाठीवर बोट फिरवून चाटले की खारट लागते, झाड मीठ पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते, लांब शेंगेसारखे लोंबते आणि मग खाली पडते. म्हणजे बी म्हणून खाऱ्या चिखलात रुजण्याचा प्रसंगच ते टाळते. गळून पडलेली रोपे उचलून आणावीत. झाडाला हात लावू नये, कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे.

मुंबईकर मंडळींनी वर्गासाठी एक सूक्ष्मदर्शक घेऊन देण्याचे मनावर घेतले आहे. त्यांचे आभार. पण सध्या नड आहे ती पंचवीस सारख्या बशांची आणि पंचवीस झाकणांची. ती आधी मिळाली तर पाच गटांना पुरतील आणि पैसे उरतील.

त्या मुलीने प्रयोग पुन्हा केला, या वेळी पाच झाकणांनिशी. साधे १८, अर्धपाव १७, पाव १३, अर्धे ४, पूर्ण ०. वही आमच्या हाती देऊन ती थांबली नाही. तिच्या घरी पेरणीआधी भाताचे बी मिठाच्या पाण्यात बुडवतात. दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ, हलके पोचट दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे, खालचे बी दोन-तीनदा धुऊन वापरायचे. हे पाणी आपल्या ‘पूर्ण’ पाण्याच्या फारसे मागे नाही, मग ते बी मरत कसे नाही, असा तिचा प्रश्न होता. तिने ‘पूर्ण’ बशीतले न रुजलेले वीस दाणे फेकले नव्हते. तीनदा धुऊन ते साध्या पाण्यात ठेवले होते, झाकण लावून. चार दिवसांनी त्यांतले अकरा रुजले.

वहीच्या त्या पानावर तिने लिहिले आहे : ‘वीसपैकी अकरा. म्हणजे मेले नव्हते, अडले होते. बाकीचे नऊ मेले की अजून अडलेत ते कळले नाही. आणखी चार दिवस ठेवते.’